ग्रेटना ग्रीनची लोहारशाळा: ऐरणीवरचे लग्न, त्यामागचा कायदा आणि आजची कागदपत्रे

महाराष्ट्रात घरच्यांचा विरोध असताना लग्न करायचे म्हटले की आळंदीचे नाव निघते, तसे ब्रिटनमध्ये गेली अडीचशे वर्षे ग्रेटना ग्रीनचे नाव निघत आले आहे. इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरापासून साधारण १६ किलोमीटरवर सार्क नदी लागते. ती ओलांडली की स्कॉटलंड सुरू होते आणि लगेच हे छोटे गाव येते. गावातली जुनी लोहारशाळा आज ‘फेमस ब्लॅकस्मिथ्स शॉप’ या नावाने चालते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही बैठी, पांढरी इमारत १८८७ पासून लोकांना पाहण्यासाठी खुली आहे. आता तिच्याभोवती संग्रहालय, लग्नाच्या खोल्या, खाण्याची जागा आणि दुकानांचे मोठे आवार उभे राहिले आहे.

एकाच आवारात तीन वेगळे व्यवहार चालत असल्याने एका वाक्यात शिफारस करणे बरोबर होणार नाही. संग्रहालय सवडीने पाहावे. लग्नासाठी जागा उत्तम आहे, पण कागदपत्रांची तयारी तीन महिने आधी सुरू करणाऱ्यांसाठीच. दुकानात मात्र लेबल वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत.

संग्रहालयापासून सुरुवात करू. अंगण आणि दुकाने फुकट फिरता येतात, प्रदर्शनाला तिकीट आहे. आत जुन्या घोडागाड्या आहेत, लोहारकामाची अवजारे आहेत आणि मुख्य म्हणजे लग्नाची मूळ खोली आणि तिथली ऐरण आहे. प्रदर्शनाचा सूर पळून आलेल्या प्रेमिकांचा आहे, आणि बहुतेक पाहुणे त्याच ओढीने येतात. पण या खोलीची खरी किंमत कळायची असेल तर १७५४ सालच्या कायद्याची माहिती आधी करून घ्यावी. ती नसेल तर ऐरण हे नुसते फोटो काढण्याचे निमित्त ठरते.

त्याआधी इंग्लंडमध्ये गुपचूप लग्नांचा सुळसुळाट होता. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात कर्जबाजारी पाद्री पैसे घेऊन कोणाचेही लग्न लावून देत. अल्पवयीन वारस मुलींना फूस लावणे सोपे झाले होते आणि एकाच माणसाची दोन-दोन लग्ने उघडकीस येत होती. हे थांबवण्यासाठी लॉर्ड हार्डविक यांनी १७५३ मध्ये कायदा आणला. २५ मार्च १७५४ पासून तो लागू झाला. त्यानुसार लग्न चर्चमध्येच व्हायला हवे, त्याआधी तीन रविवार जाहीर घोषणा व्हायला हवी किंवा परवाना हवा, आणि २१ वर्षांखालच्यांना परवाना हवा असेल तर आईवडिलांची संमती हवी. घोषणेच्या वेळी पालकांनी उठून हरकत घेतली तरी लग्न अडत असे. क्वेकर हा ख्रिस्ती पंथ आणि ज्यू समाज यातून वगळले होते. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये आजही लग्नाआधी तीन रविवार नावे वाचली जातात. ती प्रथा या कायद्यापेक्षा कितीतरी जुनी, मध्ययुगातली आहे. हार्डविकच्या कायद्याने तिला फक्त सक्तीचे बळ दिले.

हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे मुलगा १४ वर्षांचा आणि मुलगी १२ वर्षांची असली, आणि दोघांनी साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवरा-बायको आहोत’ असे म्हटले, की लग्न झाले. पाद्री नको, चर्च नको, आईवडील नकोत. त्यामुळे इंग्लंडमधली तरुण जोडपी सीमेकडे धावू लागली. पूर्वेकडच्यांना कोल्डस्ट्रीमचा पूल आणि लॅम्बर्टनचा टोलनाका जवळ पडे, आयर्लंडहून येणाऱ्यांना पोर्टपॅट्रिक. लंडन आणि लँकेशरकडून येणाऱ्या रस्त्यावर मात्र स्कॉटलंडमधले पहिले गाव ग्रेटना ग्रीन होते, आणि गावात अनेक रस्ते मिळतात त्या तिठ्यापाशी ही लोहारशाळा होती. घोड्याचा नाल निखळला तर प्रवासी तिथे थांबणारच. ऐरणीची प्रसिद्धी या भूगोलातून आली.

प्रदर्शन पाहताना ही गोष्ट धरून ठेवावी, कारण इथे ऐकू येणारे एक स्पष्टीकरण फार गोड आहे: लोहार तापलेल्या लोखंडाचे दोन तुकडे जसे जोडतो तशी तो दोन माणसे जोडतो. कल्पना सुंदर आहे आणि आजच्या समारंभात ती शोभतेही. पण ज्यांना ‘ऐरणीचे पुजारी’ म्हणत त्यांतले अनेक जण लोहार नव्हतेच. जोसेफ पेस्ली हा त्यांतला गाजलेला माणूस तंबाखूच्या व्यापारातला होता. शेवटचा पुजारी रिचर्ड रेनिसन खोगीर बनवणारा होता. त्याने १९२७ ते १९४० या काळात ५,१४७ लग्ने लावल्याचे तिथे सांगितले जाते. कायद्याला पुजारीही लागत नव्हता आणि ऐरणही लागत नव्हती. गोंधळलेल्या, घाबरलेल्या जोडप्याला मात्र कोणीतरी विचारणारा, काहीतरी वाजवणारा आणि हातात कागद देणारा माणूस हवा होता. पुजाऱ्याने ती गरज ओळखली आणि तिचे पैसे घेतले. दर ठरलेला नसे. गरिबाकडून व्हिस्कीचा एक पेला, तर श्रीमंताकडून मूठभर गिनी, म्हणजे सोन्याची नाणी. कार्लाइलहून गाडी हाकणारे घोडेस्वार आपापल्या ओळखीच्या पुजाऱ्याकडेच गिऱ्हाईक नेत आणि आपला वाटा घेत.

इथल्या गोष्टींमध्ये दोन लग्ने जोडीने समजून घ्यावीत. पहिले १७८२ सालचे. वेस्टमोरलंडचा दहावा अर्ल जॉन फेन याने लंडनच्या बँकर रॉबर्ट चाइल्डची एकुलती मुलगी सारा हिला पळवून इथे आणले. वाटेत पाठलाग करणाऱ्या बापाच्या गाडीचा घोडा गोळी घालून पाडला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पुढचे पक्के आहे: बापाने आपली संपत्ती अर्लच्या गादीकडे जाऊ नये अशी तजवीज केली आणि ती शेवटी साराच्या मुलीकडे, पुढे लेडी जर्सी म्हणून ओळखल्या गेलेल्या सारा सोफियाकडे गेली.

दुसरे लग्न १८२६ चे, आणि ते अंगावर काटा आणणारे आहे. एडवर्ड गिबन वेकफील्ड या तिशीच्या विधुराने १५ वर्षांच्या एलन टर्नरला तिच्या शाळेतून खोटा निरोप देऊन बाहेर काढले. आई आजारी आहे असे आधी सांगितले. नंतर वडिलांचे दिवाळे निघत आहे आणि तू माझ्याशी लग्न केलेस तरच ते वाचतील, असे पटवले. ग्रेटनात डेव्हिड लँग या पुजाऱ्याने लग्न लावले आणि वेकफील्ड तिला घेऊन फ्रान्समधल्या कॅलेला गेला. पुढे खटला चालला, त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास झाला आणि १८२७ मध्ये संसदेने खास कायदा करून ते लग्न रद्द केले. ज्या सोयीने एका मुलीला मनासारखा नवरा मिळत होता, त्याच सोयीने दुसरीला फसवता येत होते. ग्रेटनाविषयी नुसत्या प्रेमाच्या भाषेत बोलणे म्हणूनच अपुरे आहे. मुलांना घेऊन गेलात तर ही दुसरी गोष्टही त्यांना सांगावी.

यानंतर पळवाट हळूहळू बुजत गेली. लॉर्ड ब्रूहम यांच्या १८५६ च्या कायद्याने दोघांपैकी एकाने तरी आधी २१ दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेले असणे सक्तीचे केले, म्हणजे मागून येणाऱ्या बापाला तीन आठवडे मिळाले. स्वतः ब्रूहम यांचे लग्नही १८१९ मध्ये कोल्डस्ट्रीमला असेच झाले होते. १९२९ मध्ये लग्नाचे किमान वय १६ झाले. १ जुलै १९४० पासून नुसत्या घोषणेने होणारी लग्ने बंद झाली आणि ऐरणीचे पुजारी संपले. राहण्याची अट १९७८ पासून गेली. इंग्लंड आणि वेल्सने २७ फेब्रुवारी २०२३ पासून लग्नाचे किमान वय १८ केले. स्कॉटलंडने त्या वेळी १६ च ठेवले, म्हणजे हार्डविकपासून चालत आलेला सीमेच्या दोन्ही बाजूंचा फरक अगदी पुसला गेलेला नाही.

आता लग्नाच्या सेवेकडे वळू. ज्यांना इथे खरोखर लग्न करायचे आहे त्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: लोहारशाळा जागा देते, समारंभ देते, छायाचित्रे देते. कायदेशीर परवानगी देते ते नोंदणी कार्यालय, आणि ते लोहारशाळेच्या आवारात नाही. ते ग्रेटना या शेजारच्या गावात आहे. ग्रेटना आणि ग्रेटना ग्रीन ही दोन गावे आहेत. ग्रेटना हे पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी वसवलेले नियोजित गाव. नकाशात नुसते ‘ग्रेटना’ टाकून पाहुण्यांना पाठवले तर ते चुकीच्या ठिकाणी उतरतात.

स्कॉटलंडमध्ये परवाना इमारतीला नसून लग्न लावणाऱ्या व्यक्तीला असतो. म्हणूनच अधिकृत विधिकर्ता असेल तर जुन्या लोहारशाळेत, बागेत किंवा नदीकाठी लग्न लागू शकते. इंग्लंडमध्ये नागरी लग्नाला मान्यताप्राप्त इमारत लागते.

क्रम असा. वर आणि वधू दोघांनीही आपापला ‘एम-१०’ हा लग्नाच्या नोटिशीचा अर्ज भरायचा. तो लग्नाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने आणि कमीत कमी २९ दिवस नोंदणी कार्यालयात पोचला पाहिजे. आपल्याकडच्या विशेष विवाह कायद्यातली ३० दिवसांची नोटीस ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. २९ दिवस ही शेवटची मुदत आहे, ती गाठण्याचा प्रयत्न करू नये. कागदात काही त्रुटी निघाली तर ती सुधारायला वेळ उरत नाही. दहा ते बारा आठवडे आधी अर्ज देणे शहाणपणाचे. सोबत जन्मदाखला, पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आधी लग्न झाले असेल तर घटस्फोटाचा अंतिम हुकूम किंवा जोडीदाराचा मृत्यूदाखला लागतो. मराठीतल्या जन्मदाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. जन्मदाखल्यावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव यांत वडिलांचे नाव किंवा आडनाव वेगळ्या क्रमाने असेल, आणि आपल्याकडे ते फार वेळा असते, तर आधीच कार्यालयाला कळवून काय पुरावा चालेल ते विचारावे. इथेच मराठी जोडप्यांचे अर्ज अडकण्याची शक्यता सर्वांत जास्त.

व्हिसाचा मुद्दा त्याहून गंभीर. भारतातून केवळ लग्नासाठी येणाऱ्याला मॅरेज व्हिजिटर व्हिसा लागतो. साध्या पर्यटक व्हिसावर ब्रिटनमध्ये लग्न करता येत नाही आणि लग्नाची नोटीसही देता येत नाही. नोकरीच्या किंवा तशा इतर व्हिसावर आधीपासून राहणाऱ्यांना वेगळा व्हिसा नको, पण इमिग्रेशनच्या स्थितीबद्दल वेगळे निवेदन भरून द्यावे लागते. प्रकरण गृहखात्याकडे चौकशीला गेले तर २९ दिवसांची मुदत ७० दिवसांपर्यंत वाढू शकते. हॉल, छायाचित्रकार आणि विमानाची तिकिटे यांचे परत न मिळणारे पैसे भरण्याआधी हा आकडा डोळ्यासमोर ठेवावा.

अर्ज मंजूर झाला की ‘मॅरेज शेड्यूल’ नावाचा कागद तयार होतो. धार्मिक किंवा मानवतावादी विधिकर्ता लग्न लावणार असेल तर हा कागद समारंभाआधीच्या सात दिवसांत कार्यालयातून आणावा लागतो. तो हातात नसेल तर विधिकर्ता लग्न लावू शकत नाही, पाहुणे दारात उभे असले तरी. शनिवारचे लग्न असेल आणि जोडपे शुक्रवारी रात्री पोचणार असेल तर काय करायचे, हे आधीच विचारून ठेवावे. समारंभात १६ वर्षांवरचे दोन साक्षीदार सह्या करतात. सह्या झालेला कागद तीन दिवसांत परत नोंदणी कार्यालयात जायला हवा. तो नेण्याची जबाबदारी एका भरवशाच्या माणसाला नावानिशी सोपवावी, नाहीतर तो भेटवस्तूंच्या पिशवीत राहतो.

नोंदणी अधिकाऱ्याकडून नागरी लग्न करणार असाल तर त्यात धार्मिक मजकूर घेता येत नाही. मंगलाष्टके, सप्तपदी, मंगळसूत्र हे सारे मग वेगळे करावे लागते. आंतरपाट, अक्षता, होम यांतले काय त्या जुन्या इमारतीत चालेल आणि काय नाही हे लेखी विचारून घ्यावे. होमाबाबत नकार गृहीत धरूनच चालावे.

पॅकेज निवडताना चार प्रश्न विचारावेत: नोंदणी कार्यालयाची फी यात धरली आहे का (बहुधा ती वेगळी असते), खोलीत किती माणसे बसतील, आपला वेळ नेमका किती मिनिटांचा, आणि त्या वेळी अंगणात पर्यटक असतील का. जुनी खोली लहान आहे. मराठी लग्नाचा नेहमीचा गोतावळा तिथे मावणार नाही. जवळची पंधरा-वीस माणसे आणि बाकीच्यांसाठी नंतर जेवण, ही आखणी इथे जमते. उन्हाळ्यातले शनिवार आणि १४ फेब्रुवारी टाळले तर शांतता मिळते. पाऊस वर्षभर येऊ शकतो, म्हणून छायाचित्रांसाठी आतली दुसरी जागा राखून ठेवावी. अंगणातले रे लॉन्सडेल यांचे हातात हात गुंफलेले भव्य शिल्प फोटोंसाठी चांगले आहे, पण तिथे रांग लागते. आधीच लग्न झालेल्या जोडप्यांना कागदांशिवाय शपथा पुन्हा घेण्याचा समारंभ करता येतो. त्याला कायद्याने काही अर्थ नाही, पण ब्रिटनमध्ये सहलीला आलेल्यांसाठी तो सोपा आहे.

समारंभात विधिकर्ता शेवटी हातोड्याने ऐरण वाजवतो. तो नाद सुरेख असतो आणि लहान खोलीत घुमतो. त्याच्या जोडीला अनेकजण हात बांधण्याचा विधी घेतात. त्याला हजारो वर्षांची परंपरा आहे असे सांगितले जाते, पण जुन्या काळात त्याचा अर्थ हातात हात देऊन दिलेले वचन, म्हणजे साखरपुड्याच्या जवळचा, असा होता. रंगीत दोरीने हात गुंडाळून गाठ मारणे हे मुख्यतः अलीकडचे आहे. विधी करायचाच असेल तर नीट करावा. दोरी किंवा पट्टा किमान दीड ते दोन मीटर लांब हवा. सॅटिनची गुळगुळीत रिबीन घसरते आणि गाठ बसत नाही. लोकरीचा टार्टन, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांचा, पट्टा किंवा पीळदार सुती दोरी चांगली. अंगठ्या आधी घालून घ्याव्यात, सह्या नंतर कराव्यात. उजव्या हातात उजवा आणि डाव्यात डावा धरून वरून दोरी टाकली आणि प्रत्येकाने समोरचे टोक पकडून हात सावकाश ओढले तर गाठ आपोआप पडते. घरी दोन-तीन वेळा करून पाहावे.

पांढरा गाऊन इथल्या फोटोंत दिसतो, पण पळून येणाऱ्या जोडप्यांच्या सुवर्णकाळाशी त्याचा संबंध नाही. त्या मुली प्रवासाच्या कपड्यांत, चिखलाने माखून पोचत. पांढऱ्याची लाट राणी व्हिक्टोरियाच्या १० फेब्रुवारी १८४० च्या लग्नानंतर पसरली. तिच्या पोशाखाचे रेशीम लंडनच्या स्पिटलफील्ड्सचे होते आणि लेस डेव्हनमधल्या हॉनिटनची. देशी विणकरांना काम मिळावे हा त्यामागचा एक हेतू होता. लग्नानंतरच्या जेवणाला इंग्रज आजही न्याहारी म्हणतात, संध्याकाळ असली तरी. इंग्लंडमध्ये १८८६ पर्यंत लग्न दुपारी बाराच्या आत लावावे लागे. ग्रेटनात असे बंधन नव्हते, म्हणून मध्यरात्री येणाऱ्यांचीही सोय होत असे.

दुकानांविषयी थोडक्यात. वधूच्या बुटात ठेवण्याचे सहा पेन्सांचे नाणे ही इथून नेण्यासारखी छोटी, अर्थपूर्ण वस्तू. ‘काही जुने, काही नवे, काही उसने, काही निळे’ या इंग्रजी ओळी १८७० च्या दशकापासून छापील सापडतात आणि त्यांच्या शेवटी हे नाणे येते. घेताना साल पाहावे: १९२० पूर्वीची नाणी ९२.५ टक्के चांदीची, १९२० ते १९४६ ची निम्मी चांदी, १९४७ पासून तांबे-निकेल. ‘चांदीचे’ म्हणून १९५० चे नाणे कोणी देत असेल तर घेऊ नये. नाणे डाव्या बुटात, तळव्याच्या कमानीखाली, आतल्या पातळ गादीच्या खाली चिकटपट्टीने बसवावे. टाचेखाली किंवा बोटांखाली ठेवले तर तासाभरात पाय दुखतो.

टार्टन मफलर आणि शाली घेताना शंभर टक्के कॅश्मीर, लॅम्ब्सवुल आणि मिश्रण यांतला फरक लेबलवर वाचावा, हाताला सगळेच मऊ लागतात. खऱ्या किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याला, साधारण आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटर लोकरी कापड लागते. तयार स्वस्त किल्ट पॉलिव्हिस्कोसचे आणि कमी चुण्यांचे असतात. एका दिवसासाठी भाड्याने घेणे बरे. किल्टसोबत मोज्यात खोचण्याची छोटी सुरी विकत घेतली तर ती विमानात हातसामानात नेता येत नाही. दोन कानांचा ‘क्वेख’ हा पेला नवरा-बायकोने एकत्र पिण्यासाठी असतो. त्यात व्हिस्कीच हवी असे नाही, कोकम सरबतही चालते.

पोचायला कार्लाइलहून रेल्वे दहा-बारा मिनिटांत ग्रेटना ग्रीन स्थानकावर सोडते आणि तिथून चालत जाता येते. रविवारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी पाहावी. मोटारीने एम-७४ चा २२ क्रमांकाचा फाटा. नुसते पाहायला दोन ते तीन तास पुरतात. त्यानंतर सार्क पुलाजवळचा जुना टोलनाका अवश्य पाहावा. नवा रस्ता झाल्यावर इंग्लंडहून येणाऱ्यांना तो स्कॉटलंडमधले पहिलेच घर ठरला आणि तिथेही असंख्य लग्ने लागली.

लग्न करून भारतात परतणाऱ्यांसाठी शेवटचे काम: नोंदणी झाल्यावर विवाहाच्या दाखल्याच्या दोन-तीन प्रती तिथेच मागून घ्याव्यात, त्याही संक्षिप्त नव्हे तर पूर्ण तपशिलाच्या. पासपोर्टवर जोडीदाराचे नाव घालण्यासाठी किंवा इतर सरकारी कामासाठी त्यांतल्या एका प्रतीवर ब्रिटनच्या लीगलायझेशन कार्यालयाकडून अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याची परदेशात चालणारी मोहर, करून घ्यावे. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य असल्याने अपोस्टिल केलेला दाखला इकडे चालतो. दाखला कुरियरने मागवायचा असेल तर पत्ता भारतातला न देता ब्रिटनमधल्या नातेवाइकाचा द्यावा, कारण अपोस्टिल तिथेच होते.